शिवी दिली की फाउल का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन गेमबद्दल पेपरात काही आलं की ते व्यसन, डोळे आणि बुडालेले पैसे याबद्दलच असतं, ते चूक आहे असं मी म्हणत नाही, पण आम्ही जे खेळ म्हणून खेळतो, ऑफिसवरून आल्यावर टीम जमवून रोज प्रॅक्टिस करतो, त्यांचा एक प्रश्न कुणी मांडत नाही म्हणून शेवटी मीच लिहितेय. मी चोवीस वर्षांची आहे, गेली चार वर्षं पाच विरुद्ध पाचचा शूटर गेम खेळते, आणि त्यातली जवळजवळ तीन वर्षं मी माइक बंद ठेवून खेळलेय.

ज्यांनी असले गेम खेळले नाहीत त्यांना सांगते, माइक बंद म्हणजे एक हात बांधून खेळणं. समोरचे कुठून येतायत, पायांचा आवाज कुठल्या बाजूला आहे, कुणाला किती मार बसलाय हे सगळं दोन सेकंदात बोलून सांगायचं असतं, टाइप करत बसलात की मेलात. पण मी माइक चालू करून नुसतं 'दोघं डावीकडून' म्हटलं तरी आवाज मुलीचा आहे हे कळतं आणि मग पुढची वीस-पंचवीस मिनिटं जे ऐकावं लागतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एकदा हेडफोनची पिन नीट बसली नव्हती आणि सगळं स्पीकरवर आलं, आई पोह्यांची डिश घेऊन दारात उभी. तिने विचारलं, "हा मुलगा तुझ्या ओळखीचा आहे का गं?" मी नाही म्हटलं. "मग असं का बोलतोय तो तुला?" मला काही बोलताच आलं नाही, मी पटकन सगळ्यांनाच म्यूट केलं, आणि त्याच वेळी आमच्यातल्या एकाने बॉम्ब कुठे लावलाय ते सांगितलं ते मला ऐकूच आलं नाही. तो राउंड आम्ही हरलो.

म्हणून मी म्हणते की माइकवरून अशा शिव्या देणं ही सरळसरळ चिटिंग आहे. एमबॉट, म्हणजे आपोआप नेम धरणारा प्रोग्राम, लावणारा माझा गेम जसा बिघडवतो तसाच शिव्या देणाराही बिघडवतो, मग एकाला चोर म्हणायचं आणि दुसऱ्याला 'जरा तापट आहे' म्हणायचं हे कुठलं शहाणपण?

हॅकिंगच्या, म्हणजे असे चिटचे प्रोग्राम लावण्याच्या, बाबतीत नियम किती कडक आहेत बघा. काउंटर स्ट्राइक या शूटर गेमची चिटिंग पकडणारी व्हॅक सिस्टीम 2002 पासून आहे, तिचा बॅन बसला की कायमचा. 2018 मध्ये शांघायच्या स्पर्धेत एका भारतीय खेळाडूच्या कॉम्प्युटरवर चिटचा प्रोग्राम सापडला, मॅच तिथेच थांबली, टीम बाद झाली, त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली आणि बाकीच्यांची टीमही बंद पडली. बरोबरच झालं. चेस डॉट कॉमवर तर चिटिंग करणारा पकडला गेला की त्याच्याकडून हरलेल्यांना त्यांचे रेटिंगचे पॉइंट परत मिळतात, मला हे फार आवडतं, कारण ज्याचं नुकसान झालं त्याचा कुणीतरी विचार केलाय.

आणि मॅच अर्धवट सोडली तर? आपल्याकडे गुरुवारी मेंटेनन्सला लाइट जाते हे अख्ख्या पुण्याला माहितीये, माझ्या सुट्टीच्या दिवशी मॅच चालू असताना दोनदा गेली आणि दोन्ही वेळा मला पेनल्टी बसली, लगेच, कुणी विचारलं नाही ताई काय झालं. म्हणजे मी गेममध्ये नाहीये हे मशीनला लगेच कळतं, पण कुणीतरी वीस मिनिटं घाणेरडं बोलतोय हे कळायला मला रिपोर्ट करावा लागतो, आणि पुढच्या आठवड्यात तोच मुलगा परत त्याच नावाने समोर येतो. चॅटमध्ये इंग्रजी शिवी टाइप केली की तिच्या जागी चांदण्या येतात, तीच मराठीत इंग्रजी अक्षरांनी लिहिली की जशीच्या तशी दिसते. जमत नाही असं नाही हो, व्हॅलोरंट हा शूटर गेम काढणाऱ्या रायट कंपनीने 2022 मध्ये उत्तर अमेरिकेत इंग्रजी बोलणं रेकॉर्ड करून तपासण्याचं काम सुरू केलं होतंच. आपल्या भाषांसाठीही सगळ्याच कंपन्यांनी करायला हवं, शिव्या इथेही तेवढ्याच लागतात.

माझे बाबा पेठेतल्या मंडळाकडून कबड्डी खेळायचे. त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, पंचाने ऐकलं की कार्ड." कबड्डीत हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे मॅचमधूनच बाहेर, आणि तोंड सांभाळलं नाही तर ते मिळतं. मातीत खेळणाऱ्या पोरांना जे कळतं ते एसीत बसून खेळणाऱ्यांना कळू नये?

मोठ्या कंपन्यांचं जाऊ दे, पण इथल्या स्पर्धांचं काय? मागच्या वर्षी मी पुण्यातल्या एका कॉलेजच्या फेस्टमध्ये खेळले, नियमांचा कागद दोन पानी, त्यात हॅक, मॅक्रो (एका बटणात अनेक बटणांचं काम करून घेणं), कोणता माउस चालेल इथपर्यंत सगळं, बोलण्याबद्दल एक ओळ नाही. सेमीफायनलमध्ये समोरचा मुलगा स्क्रीनच्या पलीकडून उभा राहून मला काहीतरी बोलला, हॉलमधले सगळे हसले, मी आयोजकांकडे गेले तर "ताई, गेममध्ये एवढं चालतंच." त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं, पण कागदावरच काही नसेल तर ते बिचारे तरी कशाच्या जोरावर बोलणार.

मीही एकदा एका नवीन पोराला माइकवर खूप ओरडले होते, तो मॅच सोडून गेला आणि परत कधी आला नाही. ते मला अजून आठवतं. तेव्हा मलाही कार्ड मिळायला हवं होतं.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैशाचे गेम बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे आमच्यासारख्या स्पर्धेच्या व्हिडिओ गेमना, खेळ म्हणून मान्यता दिली, आम्हाला खूप आनंद झाला. मग खेळ म्हटलं की पंच पाहिजे, आणि त्याच्या कानाला हेडफोन पाहिजे. पुण्यातल्या कॉलेजांनी आणि गेमिंग कॅफेंनी एवढं करावं, प्रत्येक टीमचं बोलणं ऐकायला एक माणूस बसवावा, पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा एक राउंड बाहेर, तिसऱ्यांदा घरी. याला खर्च काय येतो?

पुढच्या महिन्यात एका स्पर्धेला आमच्या टीमचं नाव द्यायचंय, पाचात आम्ही दोघी मुली आहोत. फी भरायच्या आधी मी नियमांचा कागद मागितलाय, तो अजून आलेला नाही.

आपली,
एक खेळाडू, कर्वेनगर, पुणे