आरोग्यमंत्री महोदय, पाळी जाण्याआधीच्या वर्षांकडेही बघा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

यावल तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून मी नोकरी केली, आता निवृत्त आहे. आमच्या रजिस्टरात गरोदर बाई असायची, बाळंतीण असायची, ऑपरेशन झालेली असायची. चाळिशीपुढच्या बाईचं बीपी आणि साखर तपासली की आमचं काम संपायचं. आणि नेमकी तीच दारात थांबवून हळूच विचारायची, "बाई, आंगनी आग व्हस, रातले झोप लागत नही. हाई काय शे?"

खानदेशात हे ओळखणं जास्तच अवघड. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा सगळ्यांच्याच अंगाची आग होते. ऊन लागलं म्हणून तिला पन्हं देतात. पण पौषाच्या थंडीत मध्यरात्री छातीतून वाफ उठते, मानेवर, तोंडावर चढते, काही मिनिटांत उतरते, मग घामाने ब्लाऊज भिजतो आणि हुडहुडी भरते. हे उन्हाचं कसं असेल? पाळी जायला आल्याची ही खूण आहे. बहुतेकींना ती चाळिशीत दिसते, काहींना त्याआधीच, आणि हे काही वर्षं चालतं. पाळी कधी वीस दिवसांत, कधी दोन महिन्यांनी. धडधड, सांधेदुखी, विसरभोळेपणा, लघवीला जळजळ, उगाच रडू येणं. या सगळ्याचं मूळ एक असू शकतं हे कुणी सांगत नाही, म्हणून ती सांध्यांसाठी एका डॉक्टरकडे जाते, धडधडीसाठी दुसऱ्याकडे आणि चिडचिडीसाठी भगताकडे.

मला खरी धास्ती आहे ती जास्त अंगावरून जाण्याची. कापूस वेचणीत दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून बाई सोसते, रक्त कमी होत जातं आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, गर्भपिशवी काढून टाका. बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्या म्हणून २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, ते आपल्याला ठाऊक आहेच. इथे त्याची वाट बघू नका.

आशाताईंच्या प्रशिक्षणात हा विषय घ्या. उपकेंद्रात चाळिशीपुढच्या प्रत्येकीला पाळीबद्दल विचारलं जावं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासावं, कारण त्यांच्या बिघाडातही अशीच लक्षणं दिसतात. बारा महिने पाळी न आल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर तिला लगेच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवण्याची लेखी सूचना निघावी. आणि ही माहिती अहिराणीत, लेवा बोलीत, सातपुड्यात पावरीत द्या.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. जळगाव