वाक्प्रचाराचा अर्थ छापता, वापरही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत रोज एक इंग्रजी वाक्प्रचार आणि त्यासमोर मराठी अर्थ असतो. ती चौकट मी न चुकता वाचते. तिच्याबद्दलच एक विनंती आहे, पण आधी गेल्या महिन्यातला प्रसंग सांगते.

आमच्या कार्यालयातल्या एका तरुण सहकाऱ्याने परदेशातल्या एका बाईंना सांत्वनाचा मेल लिहिला. त्यांचे वडील वारले होते. पाठवण्याआधी ‘जरा नजर टाका’ म्हणून त्याने मला बोलावलं. पहिल्याच ओळीत ‘किक्ड द बकेट’! मी त्याचा हात माऊसवरून अक्षरशः बाजूला केला. त्याच्या वहीत लिहिलेलं होतं, किक द बकेट म्हणजे मरण पावणे. अर्थ खोटा नाही. पण वारले, निधन झालं, मेला, खपला, गचकला यांतलं कुठलं कुणाबद्दल म्हणायचं, हे मराठीत आपल्याला शिकवावं लागत नाही. ‘किक द बकेट’ बसतो ‘गचकला’च्या शेजारी, आणि नेमकं तेच त्या पोराला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी त्याने ‘आय ॲम व्हेरी सॉरी फॉर युवर लॉस’ एवढंच लिहिलं. तेच शोभलं.

मीही यातून गेले आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक इंग्रज वरिष्ठ फोनवर मला म्हणाले, ‘आय वॉज ओन्ली पुलिंग युवर लेग.’ ते थट्टा करत होते. मी ते मराठीतून ऐकलं. आपल्याकडे पाय ओढणं म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणं. हा माणूस ते तोंडावर कबूल करतो, या विचाराने मी इतकी दुखावले की पुढे कित्येक दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. शब्दाला शब्द जुळला की आपण बेसावध होतो. ‘वॉश युवर हँड्स ऑफ’चंही तसंच. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूला क्रुसावर द्यायची वेळ येते तेव्हा रोमन सुभेदार पिलात जमावासमोर हात धुतो आणि ‘या माणसाच्या रक्ताचा दोष माझ्यावर नाही’ असं सांगतो, ती या प्रयोगामागची गोष्ट. म्हणजे आपलं हात झटकणं. आपण हात धुऊन मागे लागतो तेव्हा मात्र सोडतच नाही!

ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, तेही यात अडकतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक टिपण तातडीने चर्चेला घ्यायचं होतं, म्हणून ते ‘टेबल’ करू म्हणाले. अमेरिकनांच्या लेखी टेबल करणं म्हणजे बासनात गुंडाळणं. बराच वेळ कडाक्याचा वाद झाला आणि मग कळलं की दोघांना एकच हवं होतं. चर्चिल यांनीच हे लिहून ठेवलं आहे.

म्हणून विनंती अशी, की अर्थासोबत एक पूर्ण वाक्य छापा आणि ते कोण, कुणाला, कुठल्या प्रसंगी म्हणेल हेही चार शब्दांत सांगा. विद्यार्थ्यांसाठीच्या चांगल्या इंग्रजी शब्दकोशांत ‘इन्फॉर्मल’, ‘ह्यूमरस’, ‘ओल्ड-फॅशन्ड’ अशा खुणा असतात. आपण नेमक्या त्याच गाळून अर्थ तेवढा उतरवून घेतो. माझ्या वहीत मी डाव्या पानावर ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं लिहिते, खाली बोलणाऱ्याचा सूर, आणि उजवीकडे त्या जागी मी मराठीत काय म्हणाले असते ते. उजवं पान कधी कधी महिनोन्‌महिने कोरं राहतं.

निवडीबद्दलही एक सांगते. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ प्रत्येक यादीत असतो, पण इतक्या वर्षांच्या बैठकांत तो मी एकदाही ऐकलेला नाही. ‘लेट मी स्लीप ऑन इट’ मात्र वारंवार ऐकते. ‘आजची रात्र विचार करून उद्या सांगतो’ इतका साधा अर्थ, पण तो माहीत नसलेल्याला वाटतं की आपला प्रस्ताव झोपवला.

जागेची अडचण असेल तर रोज एक न देता आठवड्याला दोनच द्या, पण वाक्यासकट द्या.

आपली,
एक नियमित वाचक