वीरगळांना कायद्याचे छत्र कधी?

आमच्या गावच्या शिवमंदिराबाहेरील वीरगळांवर, म्हणजे लढताना मरण आलेल्या वीरांच्या कोरीव स्मृतिशिळांवर, जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइलपेंट फासला आहे. तळाशी लढाई, वर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, माथ्याला शिवलिंगाची पूजा आणि चंद्र-सूर्य. सगळे त्या रंगाखाली बुजले. एक वीरगळ तर चक्क पायरीला बसवला आहे! १९५८च्या केंद्रीय कायद्यानुसार संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. राज्याचाही १९६०चा कायदा आहे. पण हे संरक्षण घोषित स्मारकांपुरतेच. गावोगावचे वीरगळ, सतीशिळा त्या यादीत क्वचितच दिसतात. पुरातत्त्व विभागाने ग्रामपंचायतींकडून त्यांची छायाचित्रांसह नोंद करून घ्यावी आणि निदान सार्वजनिक जागेवरील शिळा तरी तातडीने संरक्षित घोषित कराव्यात.

— एक वाचक, जि. सातारा