तरुण पोरांच्या कंबरदुखीवर पण लिहा

संपादक साहेब, नमस्कार.

थंडी सुरू झाली की पेपरात सांधेदुखीवर लेख येतात, पण ते सगळे साठीच्या पुढच्यांसाठी असतात. आमच्या तासगाव भागात पंचविशीतला पोरगा कंबर दुखते म्हणाला की ट्रॅक्टरचे हादरे, मणक्यात गॅप, नस दबली एवढंच निघतं आणि पट्टा लावून झोपून राहा म्हणतात. माझ्या पुतण्याचं दुखणं तर झोपलं की वाढायचं, पहाटे तीन-चारला उठून बिचारा अंगणात फेऱ्या मारायचा, सकाळी अर्धा-पाऊण तास कंबर आखडलेली आणि कामाला लागला की मोकळी. मध्ये एकदा डोळा लालभडक झाला, उजेड सहन होईना, तर फवारणीचं औषध उडालं असेल म्हणून घरीच ड्रॉप घातले. टाच दुखायला लागली तर चप्पल बदलली. हे सगळं एकाच आजाराचं असेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

शेवटी मिरजेत संधिवाताच्या डॉक्टरांनी कमरेवर पेनानं १० सेंटीमीटर अंतरावर दोन खुणा केल्या, खाली वाकवलं आणि टेप लावली. ते अंतर वाकल्यावर १५ पर्यंत जायला पाहिजे, याचं १२ वरच अडकलं. निदान निघालं अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याला सूज येऊन कंबर आखडत जाणारा संधिवात.

या आजाराच्याच घराण्यात सोरायसिसबरोबर येणारा, आतड्याच्या सुजेबरोबर येणारा, जुलाब नाहीतर लघवीच्या इन्फेक्शननंतर येणारा असे भाऊबंद संधिवात आहेत. हा आजार ठरवायचे १९८४ चे निकष एक्स-रे बघून होते आणि एक्स-रेत दिसायला कित्येक वर्षं जातात, तोवर पोरगं वाकायचं ते वाकतंच. म्हणून २००९ च्या वर्गीकरणात एमआरआय आला: ४५ च्या आत सुरू झालेली, ३ महिन्यांच्या वरची कंबरदुखी, त्यात कमरेखालच्या सॅक्रोइलियाक सांध्यांना सूज दिसली आणि सोबत या आजाराचं एक लक्षण (डोळा लाल होणं, टाच दुखणं असं) असलं, किंवा एचएलए-बी२७ (रक्त तपासून कळणारा एक जनुक) पॉझिटिव्ह आणि अशी दोन लक्षणं असली, तर या गटात धरतात. पण नुसता बी२७ पॉझिटिव्ह आला म्हणून घाबरू नका, तशा बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही, आणि निगेटिव्ह आला म्हणून सुटलो असंही नाही, शेवटी डॉक्टरांनी तपासूनच ठरतं.

माझं एवढंच मागणं आहे, आरोग्य केंद्रात तरुण पेशंटला पट्टा द्यायच्या आधी विचारा की आराम केल्यावर बरं वाटतं का हालचाल केल्यावर, रात्री जाग येते का, डोळा कधी लाल झाला होता का. आणि तुम्ही हे प्रश्न चौकट करून छापा, दर महिन्याला छापा.

एक वाचक,
तासगाव, जि. सांगली