कॉट्सवोल्ड पाहावे ते शेतवाटेने

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधील कॉट्सवोल्ड या टेकड्यांच्या प्रदेशावर आलेला लेख मी आवडीने वाचला. लंडनहून सकाळी निघणारी बस, तिने दिवसभरात गाठायची चार गावे, प्रत्येक गावात मिळणारा पाऊण तास आणि चहा कुठे घ्यावा, ही सगळी माहिती त्यात होती. परंतु त्या प्रदेशात शेताशेतांतून पायी फिरता येते, आणि तसे फिरण्याचा हक्क तेथील कायद्याने कोणाही माणसाला, म्हणजे पाहुणे म्हणून गेलेल्या तुम्हाआम्हालाही दिलेला आहे, याचा उल्लेख कोठेच नव्हता. मुलांकडे दोन-तीन महिने राहायला जाणारे आपल्याकडचे आईवडील आता पुष्कळ आहेत. त्यांच्यापर्यंत ही गोष्ट पोहोचावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही उभयता ऑक्सफर्डला मुलीकडे होतो. तेथून वूस्टरकडे जाणारी रेल्वे ३५ ते ४० मिनिटांत ग्लॉस्टरशायरमधील मॉर्टन-इन-मार्श या गावी पोहोचते. तेराव्या शतकापासून हे बाजाराचे गाव आहे आणि आजही तेथे दर मंगळवारी रस्त्याच्या कडेने बाजार भरतो. गावाचा रुंद मुख्य रस्ता म्हणजे एक्झेटर ते लिंकन जाणाऱ्या फॉस वे या रोमन रस्त्याचाच एक तुकडा असून त्याच्या एका कोपऱ्यावर १६३३ सालची घंटा असलेला छोटा मनोरा उभा आहे. गाव बघायला तासभर पुरतो. खरे पाहण्यासारखे आहे ते गावाची शेवटची घरे संपल्यावर.

घरे संपली की कुंपणाला एक लहान फाटक लागते आणि त्याच्या खांबावर पिवळा बाण दिसतो. पिवळा बाण म्हणजे केवळ पायी जाणाऱ्यांची वाट. निळा असेल तर घोडेस्वार आणि सायकलवाल्यांनाही तिच्यावरून जाता येते. या बाणांच्या आधाराने आम्ही आधी बॅट्सफर्डला, तेथून चढ चढून बोर्टन-ऑन-द-हिलला, मग दक्षिणेकडे सीझिनकोटच्या जमिनीतून लाँगबरोला आणि शेवटी शेतांमधून पुन्हा मॉर्टनला आलो. आमच्या वयाच्या माणसांनी निवांत चालले, मध्ये बसून डबा खाल्ला, तरी दिवस उरतो. पहिला टप्पा मोनार्क्स वे या लांब पल्ल्याच्या वाटेवर येतो. १६५१ साली वूस्टरच्या लढाईत हरलेला राजा दुसरा चार्ल्स ज्या मार्गाने पळाला, त्याच्या मागावर आखलेली ही सुमारे १,००० किलोमीटरची वाट आहे. वाटेत दोन्ही बाजूंना मेंढ्यांची कुरणे लागतात, आणि काही कुरणांत जमीन लांबच लांब वरंबे आणि सऱ्या घातल्यासारखी दिसते. मध्ययुगात बैलांच्या नांगराने वर्षानुवर्षे एकाच दिशेने माती लोटून ते वरंबे तयार झाले. पुढे तेथे मेंढ्या चरू लागल्या, नांगर थांबला आणि शेताचे जुने पट्टे गवताखाली जसेच्या तसे राहिले. कलत्या उन्हात त्यांच्या सावल्या पडतात तेव्हा ते अधिक स्पष्ट दिसतात. चुन्याशिवाय रचलेल्या पिवळसर चुनखडीच्या भिंती पाहून आम्हाला आमच्या कोकणातल्या गडग्यांची आठवण झाली. दगड निराळा, पण रचणाऱ्याचा हात तोच.

बोर्टन-ऑन-द-हिलच्या चर्चमध्ये मी जरा जास्तच वेळ थांबलो. तेथे १८१६ सालची बुशेल आणि पेक ही धान्य मोजण्याची धातूची प्रमाण मापे जपून ठेवली आहेत. चार पेक म्हणजे एक बुशेल. ज्याचे आयुष्य जमिनीची मापे घेण्यात गेले, त्याला आपल्या पायलीची आणि शेराची ही भावंडे एका परक्या गावच्या देवळात भेटली, तर तो सहज हलत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा सार्वजनिक वाटांची लांबी सुमारे २,२५,००० किलोमीटर आहे आणि त्यातील बहुतेक वाटा खासगी जमिनीतून जातात. जमीन मालकाची, पण त्यावरून जाण्याचा हक्क सर्वांचा, अशी ही रचना आहे. १९४९ च्या कायद्याने तेथील काउंटी कौन्सिलांवर आपापल्या हद्दीतील वाटांचा अधिकृत नकाशा तयार करण्याची जबाबदारी टाकली, आणि त्या नकाशात जी वाट दाखवली आहे तिच्या अस्तित्वाचा तो नकाशाच निर्णायक पुरावा ठरतो. एखादी वाट नकाशात नसली, परंतु लोक २० वर्षे अखंड, उघडपणे, परवानगी न मागता आणि बळजबरी न करता तिच्यावरून जात आले असतील, तर मालकाने ती सार्वजनिक उपयोगाला दिली असे कायदा मानतो. मात्र आपला तसा हेतू नव्हता हे मालकाने दाखवून दिले, तर तसे मानले जात नाही. शेताच्या मधून जाणारी पायवाट पेरणीसाठी नांगरता येते, पण १४ दिवसांच्या आत ती किमान एक मीटर रुंदीची पूर्ववत करून द्यावी लागते. बांधाच्या कडेने जाणारी वाट तर नांगरताच येत नाही. हे मी कागदावर वाचले होते. लाँगबरोच्या अलीकडे कमरेएवढ्या गव्हातून सुतात ओढल्यासारखी सरळ वाट समोर दिसली, तेव्हा मात्र आमचे पाय थबकले, कारण उभ्या पिकातून जायचे म्हणजे कोणाचे तरी नुकसान करायचे, हे आपल्या अंगात मुरलेले असते. पलीकडे ट्रॅक्टरवर असलेल्या शेतकऱ्याने हात वर करून पुढे या अशी खूण केली आणि आम्ही त्याच्या गव्हातून, एकाही ताटाला धक्का न लावता, पलीकडे गेलो.

आपल्याकडे गावनकाशावरची तुटक रेघ पायवाट दाखवते, हे मी नोकरीत असताना कित्येक खातेदारांना बोट ठेवून दाखवले आहे, आणि जागेवर गेल्यावर त्या रेघेवर कुंपण उभे असलेलेही पाहिले आहे. म्हणून तेथील नकाशावरची हिरवी तुटक रेघ आणि जमिनीवरची वाट कोसच्या कोस एकमेकींशी जुळताना पाहून मला किती समाधान वाटले, हे माझ्या जुन्या सहकाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

सीझिनकोटविषयी सविस्तर लिहितो, कारण ही जागा भारतीय वाचकाने पाहिलीच पाहिजे. ओकच्या झाडांतून वाट उताराला लागते आणि अचानक इंग्लंडच्या हिरव्या कुरणामागे तांब्याचा, निळसर हिरवा पडलेला मोगली घुमट दिसतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत बंगालमध्ये पैसा मिळवून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याचा भाऊ, वास्तुशिल्पी सॅम्युएल पेपिस कॉकरेल याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा वाडा बांधला. भारतात हिंडून चित्रे काढलेल्या थॉमस डॅनिअलने बागेसाठी सूर्याचे देऊळ आणि नंदी बसवलेला पूल योजला. वाडा खासगी आहे, आणि वाडा व बाग ठरावीक दिवशी तिकीट काढूनच पाहता येतात. पण वाड्याभोवतीच्या जमिनीतून जाणारी वाट रोज, सर्वांना आणि विनामूल्य खुली आहे. ज्या पैशाचा उगम आपल्या देशात आहे, त्या पैशाचा घुमट आपल्या माणसाने कोणाची परवानगी न मागता, हक्काच्या वाटेवर उभे राहून पाहावा, असे मला मनापासून वाटते.

याच परिसरात, मॉर्टनच्या दक्षिणेला थोड्या अंतरावर डेल्सफर्ड आहे. तेथील वाडाही याच सॅम्युएल कॉकरेलने बांधला, आणि तो कंपनीचा गव्हर्नर जनरल राहिलेल्या वॉरन हेस्टिंग्जसाठी. ज्याच्या कारकिर्दीत इंग्रजांचे मराठ्यांशी पहिले युद्ध झाले, ज्याने १७७९ चा वडगावचा करार मान्य करण्यास नकार दिला आणि ज्याला अखेर १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह करावा लागला, तो हेस्टिंग्ज डेल्सफर्डच्या लहानशा चर्चच्या आवारात पुरलेला आहे. त्याच्या मृत्यूचे साल १८१८. त्याच वर्षी पेशवाई संपली. शाळेत आपण ही दोन्ही साले वेगवेगळ्या धड्यांत पाठ करतो. त्या थडग्यासमोर ती एकत्र आठवतात. असे असताना आपल्या सहलींच्या बसगाड्या जवळच्याच गावांत आइस्क्रीमसाठी थांबतात आणि पुढे निघून जातात, याचे मला वाईट वाटते.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेचा ‘ओएल ४५’ क्रमांकाचा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा सोबत असावा. त्यात प्रत्येक सार्वजनिक वाट हिरव्या तुटक रेघेने दाखवलेली आहे. पाऊस पडून गेल्यावर चिखल घोट्यापर्यंत येतो, तेव्हा चपला आणि साडीचा आग्रह सोडावा. उघडलेले फाटक आपल्यामागे लावून घ्यावे, वासरे सोबत असलेल्या गाईंपासून लांबून जावे आणि वाट सोडून शेतात शिरू नये, कारण हक्क आहे तो फक्त त्या वाटेपुरता.

आपली पुरवणी पुष्कळ घरांत जपून ठेवली जाते आणि प्रवासाला निघताना बाहेर काढली जाते. पुढच्या उन्हाळ्यात कॉट्सवोल्डविषयी छापाल, तेव्हा बसच्या वेळापत्रकाशेजारी या नकाशाचा क्रमांक, मॉर्टन स्थानकाचे नाव आणि पिवळ्या व निळ्या बाणांचा अर्थ, एवढे तरी कृपया द्यावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त भूमापक,
रत्नागिरी