प्रकाशसंश्लेषणाच्या फिरत्या प्रयोगवर्गासाठी साहाय्याचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरातील शिक्षक, निवृत्त प्राध्यापक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी मिळून चालवत असलेल्या आमच्या विज्ञान मंडळाने येत्या २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनापासून जिल्ह्यातील माध्यमिक शाळांमध्ये प्रकाशसंश्लेषणावरील फिरता प्रयोगवर्ग सुरू करण्याचे ठरवले आहे. त्याचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून भागण्यासारखा नाही, म्हणून हे आवाहन.

ज्या जिल्ह्याचा संसार उसावर चालतो, तेथील मुलांना साखर हवा, पाणी आणि ऊन यांपासून तयार होते हे पाठ असते. पण पानावर पडलेला प्रकाशकण पुढे कोठे जातो, हा प्रश्न वर्गात सहसा निघत नाही. प्रकाश टिपणारे हरितद्रव्याचे रेणू शेकडो असतात आणि प्रत्यक्ष रासायनिक काम सुरू करणारी केंद्रे मोजकीच, त्यामुळे टिपलेली ऊर्जा रेणूमागून रेणू ओलांडत केंद्रापर्यंत जावी लागते, आणि हा प्रवास सेकंदाच्या एक अब्जांश भागाहूनही कमी वेळात पुरा होतो. हे रेणू एकमेकांच्या इतके निकट बसलेले असतात की ऊर्जा पुष्कळदा एका रेणूवर नसून अनेकांवर मिळून पसरलेली असते. या वर्तनाचा उलगडा क्वांटम सिद्धांताशिवाय, म्हणजे अणुरेणूंच्या पातळीवरील नियम सांगणाऱ्या भौतिकशास्त्राशिवाय होत नाही.

२००७ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथील शास्त्रज्ञ ग्रॅहॅम फ्लेमिंग यांच्या गटाने, प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हरित गंधक जीवाणूंमधील ऊर्जा केंद्राकडे पोचवणाऱ्या एका प्रथिनावर उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाला लेसरचे प्रयोग केले, तेव्हा सुमारे ६६० फेम्टोसेकंद (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश भाग) टिकणारी लहरींसारखी स्पंदने आढळली आणि झाडे क्वांटम संगणकाप्रमाणे सर्व वाटा एकाच वेळी चाचपतात, असा बोलबाला झाला. मात्र २०१७ मध्ये त्याच प्रथिनावर खोलीच्या तापमानाला झालेल्या मोजणीत इलेक्ट्रॉनांची सुसंगती, म्हणजे अनेक रेणूंवर पसरलेल्या ऊर्जेच्या लहरींचे एका तालात राहणे, सुमारे ६० फेम्टोसेकंदांतच विरते असे दिसले, आणि दीर्घकाळ टिकणारी स्पंदने मुख्यतः रेणूंच्या कंपनांची असल्याचे मत आता बहुतेक अभ्यासक मानतात. समाजमाध्यमांवर अजूनही पहिलाच दावा फिरत असतो. शास्त्रज्ञांनी एक आकर्षक कल्पना पुन्हा तपासून तिला मुरड कशी घातली, हे मुलांना कळणे आम्हाला मूळ शोधाइतकेच महत्त्वाचे वाटते.

फेम्टोसेकंद मोजणारे लेसर शाळेत नेता येत नाहीत. पण पालकाची पाने स्पिरिटमध्ये खलून, गाळून घेतलेला हिरवागार अर्क परीक्षानळीत धरावा आणि अंधारात त्यावर नोटा तपासण्याच्या जांभळ्या टॉर्चचा झोत टाकावा, तर तो रक्तासारखा लाल उजळतो. प्रथिनांच्या चौकटीतून सुटलेल्या हरितद्रव्याला टिपलेली ऊर्जा पुढे देण्यास कोणी उरलेले नसते, म्हणून त्यातील बराच भाग लाल प्रकाश होऊन बाहेर पडतो. तोच झोत जिवंत पानावर टाकला की ही लाली डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. हा फरक मुलांनी स्वतःच्या हाताने पाहावा आणि साध्या वर्णपटमापकावर, म्हणजे प्रकाशातील रंग वेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणावर, त्या लाल प्रकाशाची तरंगलांबी स्वतः वाचावी, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप आहे.

त्यासाठी छोटे वर्णपटमापक, टॉर्च, संरक्षक चष्मे, काचसामान, स्पिरिट आणि शिक्षकांसाठीच्या मराठी पुस्तिकेची छपाई यांचा खर्च आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केलेल्या या भूमीत, गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड अशा दूरच्या तालुक्यांतील शाळांना आमचे प्राधान्य राहील. देणगी रोख, धनादेशाने अथवा वस्तुरूपाने स्वीकारली जाईल. ज्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांनी शाळेपर्यंत साहित्य नेण्यासाठी वाहन द्यावे किंवा पुस्तिकेचे मुद्रितशोधन करून द्यावे; निवृत्त विज्ञान शिक्षकांचा एक दिवसही आम्हाला मोलाचा आहे. स्पिरिट ज्वालाग्राही असल्याने प्रत्येक वर्गात अनुभवी व्यक्ती हजर असणे आवश्यक आहे, हे स्वयंसेवकांनी कृपया ध्यानात घ्यावे.

प्रत्येक देणगीची पावती मंडळाच्या कार्यालयात त्वरित मिळेल, आणि जमाखर्चाचा तपशील दरमहा कार्यालयाच्या फलकावर लावला जाईल.

आपले नम्र,
विज्ञान मंडळाचे कार्यकारी सदस्य, कोल्हापूर