माघात फुलणारी बेणी

पाचगणी,
कार्तिक महिना

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, आधी हे वाच. पुडीत सुंठेच्या तुकड्यांसारखं दिसतंय ते सुंठ नाही. पोटात जाता कामा नये, स्वयंपाकघरापासून लांब ठेव. ती अ‍ॅनिमोन नावाच्या फुलझाडाची बेणी आहेत, म्हणजे लावायचे गड्डे. गेल्या माघात लाल-जांभळ्या फुलांचा फोटो बघून बाबांनी "खसखशीचं फूल का गं?" म्हणून विचारलं होतं, तीच ही फुलं.

एक गोष्ट तेव्हा सांगितली नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी माझे सगळे गड्डे सडले होते. रात्रभर भिजवले, सपाट वाफ्यात लावले आणि काळजीपोटी रोज पाणी घातलं. वीस दिवसांनी उकरलं तर बोटाला मऊ लगदा लागला. तो वास मी लगेच ओळखला. आपल्या मळीच्या रानात पाणी साचलं होतं त्या वर्षी तुम्ही हळदीचा कंद फोडून माझ्या नाकाशी धरला होतात, तोच. कंदकूज. हळदीच्या घरातली मुलगी असून मी बेणं कुजवलं, याचं इतकं वाईट वाटलं की तुम्हाला कळवायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या वर्षी मात्र सगळं तुमच्यासारखं केलं. वाफा उंच केला, मातीत वाळू आणि जुनं शेणखत मिसळलं, वाफसा येईपर्यंत थांबले. गड्डे साध्या पाण्यात तीन-चार तासच ठेवले. तेवढ्यात ते टम्म फुगतात. दोन इंच खोल, चार-पाच इंचांवर लावले. एकदा पाणी दिलं आणि कोंब दिसेपर्यंत हात आवरला. पानं येतात ती थेट कोथिंबिरीसारखी. लावल्यापासून साधारण तीन महिन्यांनी फुलं आली. मधोमध काळंभोर बोंड, ऊन चढलं की उघडायची, संध्याकाळी मिटायची. आई, तू असतीस तर दोन्ही वेळा जाऊन बघून आली असतीस.

हे झाड मूळचं भूमध्य समुद्राच्या काठचं. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, म्हणून ते थंडीत वाढतं आणि उन्हाळ्यात जमिनीखाली झोपतं. आपल्याकडे नेमका त्याच्या झोपेत पाऊस येतो. त्यामुळे पानं पिवळी पडून वाळली की गड्डे काढून कोरडे ठेवावे लागतात. मी कागदी पिशवीत ठेवले, पण मनात सारखी हरिपूरची हळद साठवायची जमिनीखालची पेवं येत होती. हळदीचं सगळं याच्या उलट. ती अक्षय तृतीयेच्या सुमारास लावायची, पावसावर वाढवायची आणि पाला वाळला की काढायची. म्हणजे हळद काढणीला येते तेव्हा हे ऐन बहरात असतं.

बाबा, पुडी पाठवायचं कारण तेच आहे. रान वाट्यानं दिल्यापासून तुम्ही त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. यंदा काढणीला तुम्ही बांधावर नसणार, हे मला सारखं टोचतं. गुडघ्यांपुढे इलाज नव्हता, निर्णय बरोबरच होता, तरी टोचतं. त्या दिवसांत तुमच्या हाताखाली काहीतरी उगवत असावं, असं मला फार वाटतं.

सांगलीत दुपारचं ऊन कडक, म्हणून कुंड्या पूर्वेच्या पडवीत ठेवा. अकरापर्यंत ऊन पुरे. रात्री गार पडायला लागल्या की मगच लावा. कुंडीचं भोक बुजलेलं नाही ना, ते बघा. तिथं फुलं कदाचित जरा लहान येतील. देठाच्या चिकानं हात खाजतात, तेव्हा आई, फुलं तोडलीस तर हात धू. शेजारची शेळी पडवीत येऊ देऊ नका.

पुडीत बारा गड्डे आहेत. वरची बाजू कुठली ते ओळखू येत नाही, मी खूप निरखून पाहिलं. एक अगदी चपटा आहे. तो आडवाच लावा, कोंब आपला वाट काढतो.

कोंब दिसला की त्याच दिवशी फोन करा, मी शाळेत असले तरी.

तुमची,
थोरली